अंगठ्यावरचा वेग : गेमपॅडने खेळल्या जाणाऱ्या मोटारशर्यतीच्या खेळातील स्पर्शानुभव

प्रस्तावना :

मागील शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्याची शोकसभा झाली. घाटातील एका वळणावर मोटारसायकल घसरून त्याचा मृत्यू झाला होता. सभा आटोपल्यावर प्राध्यापक कक्षात चहा घेताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "दिवसभर ही मुले मोबाईलवर नि टीव्हीवर गाड्या पळवतात, मग रस्त्यावरही तसेच करू लागतात." काहींनी माना डोलावल्या. त्यावर एका तरुण सहकाऱ्याने, अशा खेळांनी उलट हात आणि डोळा तयार होतो, असा मुद्दा मांडला. मी भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्याने दोघांनीही माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला जाणवले की, ज्या वस्तूविषयी आम्ही सारे मत देत होतो ती वस्तू आमच्यापैकी कोणीही गंभीरपणे हातात धरलेली नव्हती. दिवंगत विद्यार्थी असे खेळ खेळत होता की नाही, हेदेखील कोणी विचारलेले नव्हते.

ही उणीव दूर करावी म्हणून मी काही आठवडे मोटारशर्यतीचे खेळ गेमपॅडवर खेळून पाहिले. एका विद्यार्थ्याच्या खोलीवर जाऊन त्याच्याकडून रीतसर धडे घेतले. त्या अनुभवाला भौतिकशास्त्र आणि मानवी संवेदना यांविषयीच्या प्रस्थापित ज्ञानाची जोड देऊन प्रस्तुत लेख सिद्ध केला आहे. खेळ आणि अपघात यांच्यातील कार्यकारणभाव सिद्ध करणे हा या लेखाचा हेतू नाही. गेमपॅडवर मोटार चालवताना हाताला नेमके काय कळते आणि शरीराला काय कळत नाही, एवढेच येथे स्पष्ट करावयाचे आहे.

उद्दिष्टे :

१. गेमपॅडची रचना आणि त्यातून मोटारीवर येणारे नियंत्रण यांचा परिचय करून देणे.
२. प्रत्यक्ष स्टिअरिंगकडून मिळणारा प्रतिसाद व गेमपॅडकडून मिळणारा प्रतिसाद यांतील भेद स्पष्ट करणे.
३. वेगाच्या अनुभवातील शरीराचे स्थान विशद करणे.
४. अध्यापनाच्या दृष्टीने या माहितीचा उपयोग सुचविणे.

चाकापासून अंगठ्यापर्यंत :

मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम प्रारंभी अंगठ्याने खेळला जात नव्हता. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७४ मध्ये आणलेल्या 'ग्रॅन ट्रॅक १०' या यंत्राला स्टिअरिंग, पायाखालची पेडल्स आणि गिअर होता. १९७६ मध्ये सेगा कंपनीच्या 'मोटो-क्रॉस' या यंत्राचे हँडल टक्कर होताच थरथरत असे. १९८६ च्या 'आउट रन'ची एक आवृत्ती तर खेळाडूला बैठकीसकट हलवीत असे. म्हणजे, चित्राबरोबर शरीरालाही काही कळले पाहिजे, हे या यंत्रांच्या निर्मात्यांना प्रथमपासून उमजले होते.

हा खेळ घराघरांत आला तेव्हा मात्र एवढे मोठे यंत्र घरी आणणे शक्य नव्हते. चार दिशांचे अधिक चिन्हासारखे बटण असलेला छोटा पॅड हेच सर्वांचे साधन झाले. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडावयाच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर, एकाच कॅसेटमधील शेकडो खेळांपैकी 'रोड फायटर' खेळलेला असेल. त्या बटणाला दोनच अवस्था ठाऊक होत्या : दाबलेले आणि न दाबलेले. गाडी थोडीशी वळवावयाची असल्यास बटण टक्-टक् असे तुटक दाबावे लागे. त्यात अचूकता होती. परंतु 'किंचित' या शब्दाला जागा नव्हती.

ती जागा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्माण झाली. १९९६ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राबरोबर अंगठ्याने हव्या तितक्याच प्रमाणात कलविता येणारी स्टिक रूढ झाली. १९९७ मध्ये सोनीने दोन स्टिक आणि दोन कंपन-मोटारी असलेला 'ड्युअलशॉक' हा पॅड जपानमध्ये आणला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळाने वास्तव मोटारींचे वर्तन घरच्या पडद्यावर आणण्याचा प्रयत्न केला. आजचा गेमपॅड हा त्याच रचनेचा वारसदार होय.

या प्रवासाशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळला आहे. 'कॉलिन मॅक्रे रॅली'सारखे शर्यतीचे खेळ तयार करणाऱ्या कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीतील निम्मा हिस्सा मुंबईच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने २०१० मध्ये विकत घेतला. (२०२१ मध्ये ती कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ताब्यात गेली.) कोडमास्टर्सच्या 'एफ१ २०११' या खेळात उत्तर प्रदेशातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट समाविष्ट होते. हा खेळ सप्टेंबर २०११ मध्ये आला आणि त्या मार्गावरील पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. म्हणजेच ५.१२५ किलोमीटर लांबीच्या त्या मार्गावर पहिली शर्यत होण्यापूर्वीच अनेकांच्या अंगठ्यांनी तो पालथा घातला होता.

अंगठा स्टिअरिंग कसा होतो?

गेमपॅड दोन्ही तळहातांत धरला जातो. डाव्या अंगठ्याखालील स्टिकने मोटार वळते. उजव्या तर्जनीखालील ट्रिगर हा ॲक्सिलरेटर असतो, तर डाव्या तर्जनीखालील ट्रिगर ब्रेकचे काम करतो. स्टिकखाली एकमेकांशी काटकोनात बसविलेले दोन परिवर्ती रोध असतात. स्टिक कलली की विद्युतदाब बदलतो आणि त्याचे अंकांत रूपांतर होते. ड्युअलशॉक प्रकारच्या पॅडमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ० ते २५५ असे अंक मिळतात. अंगठा सोडताच स्प्रिंग स्टिकला पुन्हा मध्यावर आणते.

येथे पहिली अडचण उद्भवते. नेहमीच्या मोटारीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच ते तीन फेरे, म्हणजे ९०० अंश वा त्याहून अधिक फिरते. गेमपॅडच्या स्टिकचे टोक मात्र मध्यापासून प्रत्येक बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर सरकते. हात जे काम मोठ्या विस्तारात करतात ते अंगठ्याने एवढ्याशा जागेत करावयाचे असते. अंगठ्याची हालचाल जशीच्या तशी मोटारीच्या चाकांना दिली, तर ताशी दीडशे किलोमीटर वेगाने धावणारी मोटार अंगठ्याच्या साध्या थरथरीनेही रस्ता सोडील.

म्हणून खेळाचा संगणकीय कार्यक्रम अंगठा आणि चाक यांच्यामध्ये मध्यस्थी करतो. ही मध्यस्थी तीन प्रकारची असते. पहिली म्हणजे निष्क्रिय क्षेत्र : मध्याजवळची किंचित हालचाल मोजलीच जात नाही. स्टिक जुनी झाल्यावर ती आपोआप एका बाजूला ओढल्यासारखी वागते, तो दोषही या क्षेत्रामुळे काही काळ झाकला जातो. दुसरी म्हणजे प्रतिसादाचा वक्र : मध्याजवळ स्टिक बरीच हलविली तरी चाक थोडेच वळते आणि टोकाकडे गेल्यावर अधिक वळते. तिसरी मध्यस्थी सर्वांत महत्त्वाची आहे. मोटारीचा वेग जितका अधिक, तितके चाक कमी आणि सावकाश वळू दिले जाते. स्टिक एका क्षणात टोकाला नेली तरी पडद्यावरील चालकाचे हात स्टिअरिंग हळूहळू फिरविताना दिसतात, ते याच कारणाने.

याचा अर्थ असा की, गेमपॅडवर खेळाडू चाक फिरवीत नसून आपला हेतू कळवीत असतो आणि तो हेतू सावधपणे अमलात आणण्याचे काम कार्यक्रम करतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर स्टिक टोकापर्यंत ढकलत होतो आणि माझी मोटार कठड्यावर जाऊन आदळत होती. शेजारी बसलेला विद्यार्थी संकोचाने म्हणाला, "सर, अंगठा दाबू नका, नुसता टेकवून ठेवा. वळण यायच्या आधीच ब्रेक सोडत आणा." आठवड्याभरात ते साधले. ते साधल्यावर होणारा आनंद खराच असतो, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. वळणापूर्वी योग्य जागी वेग कमी करणे, ब्रेकचा ट्रिगर हळूहळू सैल करीत मोटार आत घेणे आणि वळणाच्या शेवटी ॲक्सिलरेटर थोडा थोडा वाढविणे या क्रमात एक लय आहे. ती लय वाद्य वाजविणाऱ्याच्या बोटांत असते त्या जातीची आहे. या खेळाला निव्वळ बटणे दाबण्याचा चाळा समजणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल.

हातातला कासरा :

प्रत्यक्ष वाहन चालविताना हात केवळ आज्ञा देत नाहीत. ते ऐकतही असतात. आपल्या भागातील वाचकांना हे समजण्यासाठी बैलगाडीचे उदाहरण पुरेसे आहे. गाडीवानाच्या हातातील कासरा बैलांना वळवितो, त्याचबरोबर बैल काय करू पाहत आहेत हेही हाताला कळवितो. एखादा बैल बुजला, ओढू लागला किंवा दमून मागे रेटू लागला, तर ते डोळ्यांआधी हाताला समजते. कासरा सैल सोडणे आणि आवळून धरणे हे आपल्या भाषेतील वाक्प्रयोग याच जाणिवेतून आले आहेत.

मोटारीचे स्टिअरिंग हाही एक कासराच होय. वळणावर टायरचे तोंड एका दिशेला असते आणि त्याचा प्रत्यक्ष प्रवास किंचित वेगळ्या दिशेने होत असतो. या दोन दिशांमधील कोनामुळे टायरचे रबर ताणले जाते आणि मोटारीला वळविणारे बल निर्माण होते. ताणलेले रबर चाकाला सरळ करू पाहते. हाच रेटा स्टिअरिंगमधून हाताला जड लागतो. कोन वाढत गेला की वळविणारे बल काही अंशांपर्यंत वाढते, त्यानंतर स्थिरावते व मग घटू लागते. म्हणजे टायर घसरू लागतो. मात्र चाक सरळ करू पाहणारा रेटा त्याच्या आधीच कमी होऊ लागतो. परिणामी टायरची पकड पूर्ण सुटण्यापूर्वीच स्टिअरिंग हाताला हलके लागते. अनुभवी चालक या हलकेपणातून धोक्याची सूचना घेतो. टायरच्या या वर्तनाचे गणिती रूप नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील अभ्यासक हान्स पसेयका यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात सापडते. वाहन अभियांत्रिकीत त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो.

आता गेमपॅडकडे पाहू. स्टिकखालील स्प्रिंग सदैव सारखीच असते. मोटार उभी असो, वळणावर असो की घसरत असो, अंगठ्याला लागणारा रेटा बदलत नाही. खेळाच्या अंतर्गत गणितात टायरचे बल, कोन आणि रेटा यांचा हिशेब दर सेकंदाला अनेक वेळा होत असतो. पण तो हिशेब अंगठ्यापर्यंत पोहोचण्यास मार्गच नसतो. बैल बुजला आहे. कासरा मात्र हाताला काहीच सांगत नाही, अशी ही अवस्था होय.

साधन चाकाचे नसून दांडीचे आहे म्हणून असे होते, असा गैरसमज होऊ नये. अहिल्यानगर येथे १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात हे सहज समजते. दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाड्याला स्टिअरिंगचे चाक नव्हते. चालक दोन दांड्या ओढून एका बाजूचा पट्टा मंद करी आणि रणगाडा त्या बाजूला वळे. त्या दांड्या यंत्राशी प्रत्यक्ष जोडलेल्या असल्याने चालकाच्या बाहूंना यंत्राचा विरोध जाणवत असे. म्हणजे मुद्दा चाक की दांडी हा नाही. हातापासून यंत्राकडे जाणारा मार्ग परतही येतो की नाही, हा खरा मुद्दा आहे.

कंपनाची भाषा :

हा परतीचा मार्ग खुला करण्यासाठी गेमपॅडमध्ये कंपनाची योजना केलेली असते. पॅडच्या दोन्ही मुठींत एकेक लहान विद्युत मोटार असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसविलेले असते. धुलाई यंत्रात कपडे एका बाजूला गोळा झाले की यंत्र हादरू लागते, तेच तत्त्व येथे वापरले आहे. या असंतुलित वजनामुळे निर्माण होणारे बल फिरण्याच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एकाच मोटारीकडून संथ आणि तरीही जोरकस असे कंपन मिळू शकत नाही. या मर्यादेवर तोडगा म्हणून डाव्या मुठीत जड वजनाची आणि उजव्या मुठीत हलक्या वजनाची मोटार बसविली जाते. पहिली घरघर निर्माण करते, तर दुसरी बारीक झिणझिण.

मानवी त्वचेतही या कामासाठी जणू दोन वेगळे ग्राहक आहेत. माइसनर नावाचे ग्राहक मंद थरथर टिपतात, तर पॅचिनी नावाचे खोलवरचे ग्राहक सेकंदाला सुमारे २५० आवर्तनांच्या जलद कंपनाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. बोटे आणि तळहात या बाबतीत विशेष संवेदनक्षम असतात. त्यामुळे डांबरी रस्ता सोडून चाक मातीत गेले की डावी मूठ घरघरते आणि ब्रेक लावताना चाके अडकू लागली की उजवी मूठ झिणझिणते, हा फरक खेळाडू थोड्या सरावाने न पाहता ओळखू लागतो.

पुढील काळात ही भाषा अधिक समृद्ध झाली. २०१३ मधील एक्सबॉक्स वन यंत्राच्या पॅडमध्ये ट्रिगरखालीही कंपन-मोटारी आल्या. २०२० मधील प्लेस्टेशन ५ च्या 'ड्युअलसेन्स' पॅडमध्ये तर ट्रिगर बोटाला उलट रेटा देऊ शकतो; २०२२ च्या 'ग्रॅन टुरिस्मो ७' मध्ये ब्रेकचा ट्रिगर दाबताना हा रेटा स्पष्ट जाणवतो. म्हणजे ब्रेकच्या बाबतीत कासरा काही अंशी हाती आला आहे. परंतु स्टिअरिंगचे काम करणाऱ्या स्टिकखाली अद्याप साधी स्प्रिंगच आहे.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. स्टिअरिंगचा हलकेपणा हा भौतिक परिणाम आहे. कंपन ही ठरवून दिलेली खूण आहे. खुणेचा अर्थ शिकावा लागतो आणि एका खेळातील खूण दुसऱ्या खेळात वेगळी असू शकते. उरलेली माहिती डोळे आणि कान पुरवितात : टायरचा चीत्कार, इंजिनाचा चढता स्वर, वेग वाढताच रुंदावत जाणारे दृश्य, ब्रेक लावताच पुढे झुकणारे चित्र. या सर्व खुणा मिळून मेंदू वेगाचा अनुभव रचतो. तो अनुभव इतका परिणामकारक असतो की, डावीकडील तीव्र वळणावर मी स्वतः खुर्चीत डावीकडे कलंडलो होतो. शेजारचा विद्यार्थी हसला. त्याचेही तसेच होते, असे त्याने सांगितले.

शरीराला न कळणारा वेग :

माझे कलंडणे हा या विवेचनाचा कळीचा मुद्दा आहे. शरीर तोल सावरू पाहत होते. पण सावरण्याजोगे काही घडतच नव्हते. मानवी अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे टिपतात आणि कर्णाश्म असलेल्या दोन पिशव्या रेषीय त्वरण टिपतात. खुर्चीत बसलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे संपूर्ण तंत्र मेंदूला एकच निरोप देत राहते : आपण स्थिर आहोत. डोळ्यांचा निरोप याच्या उलट असतो. काहींना अशा खेळाने मळमळते, त्याचे कारण ही विसंगतीच होय.

प्रत्यक्षात काय घडते ते एका उदाहरणाने पाहू. ५० मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाने ते घेतल्यास केंद्रगामी त्वरण प्रतिसेकंद वर्ग सुमारे २.५ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पावपट भरते. हेच वळण ताशी ६० किलोमीटर वेगाने घेतल्यास ते सुमारे ५.६ मीटर, म्हणजे निम्म्याहून अधिक होते. वेग दीडपट झाला. लागणारे बल मात्र सव्वादोनपट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला मोटारीत या वेळी जवळजवळ ३४ किलो वजनाइतका आडवा रेटा जाणवेल. मोटारसायकलवर हेच वळण पार करण्यासाठी वाहनाला सुमारे ३० अंश कलावे लागेल. ताशी ४० च्या वेगाला १४ अंश पुरतात. रस्त्यावर खडी वा वाळू असेल तर ३० अंश कललेल्या टायरला एवढे बल मिळणारच नाही.

गेमपॅडवर या दोन्ही वेळी खेळाडूच्या शरीराला जाणवणारा रेटा शून्य असतो. वर्गाच्या प्रमाणात वाढणारी ती राशी त्याच्यापर्यंत अंगठ्याच्या एका बारीक झिणझिणीच्या रूपाने पोहोचते. वेगाची भीती आपल्याला वेगाच्या आकड्यामुळे वाटत नाही. पोटात पडणारा खड्डा, आसनावरून सरकणारे शरीर आणि ताठरलेली मान यांमुळे ती वाटते. खेळात नेमका हाच भाग वगळला जातो. सुखद थरार उरतो, त्याला वेसण घालणारी शारीरिक भीती उरत नाही.

या सरावानंतर एका सायंकाळी पुणे-नाशिक महामार्गावरील चंदनापुरी घाटातून मी मोटारसायकलने संगमनेरकडे येत होतो. नेहमीच्या वळणावर, नेहमीच्या वेगात, या वेळी मी मुद्दाम लक्ष ठेवले. हँडलमधून येणारी रस्त्याची खरखर, कललेल्या शरीराचा भार, गुडघ्यांनी आपोआप आवळलेली टाकी, समोरून आलेल्या ट्रकच्या वाऱ्याचा धक्का – यांपैकी एकाचेही प्रतिरूप माझ्या अंगठ्याला आठवडाभर मिळाले नव्हते. खेळात मी असंख्य वळणे घेतली होती. घाटातील ते एक वळण त्या सर्वांहून वेगळ्या जातीचे होते.

याच कारणाने वाहनचाचणी केवळ संगणकावर पूर्ण होत नाही. अहिल्यानगर येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेत, म्हणजे व्हीआरडीईत, वाहने प्रत्यक्ष चाचणीमार्गांवर धावतात. संगणकावरील प्रतिरूपे कितीही अचूक असली तरी चाके, रस्ता आणि मानवी शरीर यांची गाठ प्रत्यक्षात घालून पाहावी लागते. आपल्या जिल्ह्यातच उपलब्ध असलेला हा दाखला विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे.

विलंब आणि पुनरावृत्ती :

आणखी दोन भेदांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिला विलंबाचा. पडद्यावरील चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. स्टिक हलविणे, तिचे मोजमाप होणे, गणित होणे आणि चित्र दिसणे या साखळीत अनेक यंत्रांवर ५० ते १०० मिलिसेकंद जातात. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार १०० मिलिसेकंदांत २.८ मीटर पुढे जाते. सरावलेला खेळाडू हा विलंब नकळत हिशेबात धरतो आणि वळण येण्यापूर्वीच अंगठा हलवितो. त्यामुळे खेळात मिळणारी सफाई ही पाठांतरातून आलेली पूर्वकल्पना असते. तेच वळण, त्याच जागी, शंभर वेळा येते. आपल्या रस्त्यावर मात्र वळणापलीकडे उसाची ट्रॉली, मेंढ्यांचा कळप किंवा कालच्या पावसाने वाहून आलेली माती असू शकते.

दुसरा भेद पुनरावृत्तीचा. २००८ मधील 'रेस ड्रायव्हर : ग्रिड' या खेळाने अपघात झाल्यास काळ काही सेकंद मागे नेऊन तेच वळण पुन्हा घेण्याची सोय दिली. पुढे अनेक खेळांनी ती स्वीकारली. शिकण्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. चूक लगेच दुरुस्त करून पाहता येते. परंतु भीतीचा उरलासुरला अंशही तिच्यामुळे नाहीसा होतो.

अध्यापकांसाठी काही विचार :

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते आणि मृतांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होते. आपल्या वर्गांतील विद्यार्थी याच वयोगटाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मंत्रालयाच्या नोंदीतील हा अतिवेग व्हिडिओ गेम येण्यापूर्वीही होता आणि गेम न खेळणाऱ्यांतही आहे. म्हणून दोष खेळावर ढकलून मोकळे होणे अध्यापकाला शोभणारे नाही. त्याचप्रमाणे 'हात तयार होतो' हे समर्थनही अपुरे आहे. तयार होतो तो अंगठा. आणि रस्त्यावर अंगठ्याचे काम फारच थोडे असते.

या पार्श्वभूमीवर पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. भौतिकशास्त्राच्या वर्गात वर्तुळाकार गतीचा पाठ शिकविताना गेमपॅड आणि परिचित घाट ही दोन उदाहरणे एकत्र घ्यावीत. वळणाची त्रिज्या व वेग देऊन आडवा रेटा आणि मोटारसायकलचा कल विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

२. गेमपॅड संगणकाला जोडून स्टिकचे अंक पडद्यावर दाखवावेत. निष्क्रिय क्षेत्र, प्रतिसादाचा वक्र, परिवर्ती रोध आणि असंतुलित वजनाची मोटार या संकल्पना प्रयोगशाळेत यापेक्षा स्वस्तात क्वचितच दाखविता येतील.

३. मानसशास्त्र व क्रीडा विभागांनी अंतःकर्ण, त्वचेतील ग्राहक आणि भीतीचे कार्य यांविषयी संयुक्त व्याख्यान ठेवावे.

४. रस्ता सुरक्षा सप्ताहातील भाषणांत खेळाची निंदा टाळावी. निंदा ऐकताच विद्यार्थी ऐकणे थांबवितो. त्याऐवजी त्याने स्वतः अनुभवलेल्या गोष्टीतून त्याला प्रश्न विचारावा : वळणावर पॅड झिणझिणला तेव्हा तुझ्या अंगाला काय झाले?

चौथी सूचना मी स्वतः करून पाहिली. हा प्रश्न विचारल्यावर वर्गात प्रथम हशा झाला, नंतर शांतता पसरली. मला धडे देणारा तो विद्यार्थी थोड्या वेळाने म्हणाला, "सर, अंगाला काहीच होत नाही. म्हणून तर तिथे ब्रेक उशिरा मारायला भीती वाटत नाही." या लेखात मी जे पानोपानी सांगितले, ते त्याने दोन वाक्यांत सांगितले.

समारोप :

गेमपॅडवरील मोटारशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. अंगठ्याच्या सेंटिमीटरभर हालचालीत वेग, पकड आणि वळण यांचा मेळ घालणे सोपे नाही, आणि त्यामागील तंत्रज्ञान अभ्यासण्याजोगे आहे. मात्र हा अनुभव वेगाचा नसून वेगाच्या खुणांचा आहे. खेळात खेळाडूला वळविण्याची सत्ता मिळते; परतून सांगणारा कासरा मिळत नाही, आणि सावध करणारी शरीराची भीती तर मुळीच मिळत नाही. हा फरक ज्याला कळला तो खेळ निर्भरपणे खेळू शकेल आणि रस्त्यावर सावध राहू शकेल. तो कळावा याची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. त्या दिवशी चहा घेताना आमच्यापैकी कोणालाही तो ठाऊक नव्हता. शोकसभेनंतर मते मांडण्यापेक्षा शोकसभेपूर्वी तो वर्गात सांगणे, हे आपले काम होय.